नाव मिळण्याआधीची औषधं

गोंदिया जिल्ह्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं निदान अलीकडचं, उपचार मात्र फार जुने. हे उलटं वाटेल, पण तसंच घडलं आहे. आजाराला नाव मिळण्याआधी तो चार वेगवेगळ्या दुखण्यांच्या रूपानं घरात वावरत होता. डोळे पिवळे झाले की कावीळ, सांधे धरले की वात, पोराच्या डाव्या बरगडीखाली गोळा हाताला लागला की पाणथरी, आणि चेहरा पांढराफटक पडला की पांडू किंवा नुसता अशक्तपणा. प्रत्येकाचं औषध वेगळं आणि बहुतेकदा ते देणारा माणूसही वेगळा. काविळीला भुईआवळी किंवा एरंडाच्या पानांचा रस, वाताला निर्गुडीचा शेक आणि मोहाच्या तेलाची मालिश, पाणथरीला डाग, अशक्तपणाला गुळवेल, पुनर्नवा नाहीतर लोहभस्म. एकाच मुलाला दोन-तीन वर्षांत हे सगळं मिळालं, तरी ही चारही दुखणी एकाच मुळाची आहेत असं म्हणायला कोणाकडे काही आधार नव्हता. म्हणून सिकलसेलवरच्या झाडपाल्याचा इतिहास हा एका औषधाचा इतिहास नाही. चार दुखण्यांवरच्या औषधांची सरमिसळ म्हणजेच हा इतिहास, आणि ‘गुण आला’ या रुग्णांच्या शब्दाचं वजन ठरवायचं तर ही सरमिसळ आधी सोडवावी लागते.

वैद्यकशास्त्र तरी लवकर कुठे पोचलं? शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी कोयत्यासारख्या वाकड्या रक्तपेशींचं वर्णन १९१० साली केलं. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचं दाखवलं. भारतातली पहिली नोंद १९५२ ची, निलगिरीतल्या आदिवासींमधली. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापला तो १९५८ साली, आणि त्यातून हे दुखणं जंगलातल्या जमातींपुरतं नसून महार, तेली, कुणबी अशा गावगाड्यातल्या समाजांतही असल्याचं पुढे आलं. त्यापूर्वीचे रुग्ण कुठे गेले? मध्य प्रांतात जन्ममृत्यूची खबर गावचा कोतवाल देत असे आणि मृत्यूचं कारण म्हणून सर्रास ‘ताप’ लिहिला जाई. वर हिवतापाचा मुलूख. मुलांच्या पोटावर हात ठेवून प्लीहा, म्हणजेच पाणथरी, वाढली आहे का हे पाहणं ही तेव्हा हिवताप मोजण्याचीच रीत होती, त्यामुळे सिकलसेलनं वाढलेली प्लीहाही हिवतापाच्याच खात्यात जमा झाली असणार. यातला पेच असा की, संशोधक ॲलिसन यांनी १९५४ साली दाखवल्याप्रमाणे, एका पालकाकडून सिकलसेलचा जनुक मिळालेल्या वाहकाला हिवतापापासून काहीसं संरक्षण मिळतं. ज्या रोगानं हा जनुक या जंगलपट्टीत टिकवून धरला, त्याच रोगाच्या नावाखाली तो लपलाही. तेव्हा गावच्या वैदूनं सिकलसेल ओळखला नाही हा त्याच्यावरचा ठपका होऊ शकत नाही. दवाखान्यानंही तो ओळखला नव्हता.

आता गुण येण्याचा प्रश्न. सिकलसेलमध्ये लाल पेशी साधारण १२० दिवस टिकायच्या तिथे दहा-वीस दिवसांतच फुटतात आणि त्यातून सुटलेला रंग डोळ्यांत उतरतो. हा पिवळेपणा बहुतेक वेळा यकृताच्या बिघाडाचा नसतो. तो वाढतो, कमी होतो, पुन्हा वाढतो. काविळीचं औषध साहजिकच पिवळेपणा भरात असताना घेतलं जातं, म्हणजे तो ओसरण्याच्या बेतात असताना. वेदनेचंही तसंच. पेशी केशवाहिन्यांत अडकल्या की हाडं फुटल्यासारखी दुखतात, पण हा झटका बहुतेकदा काही दिवसांत आपोआप उतरतो. तिसऱ्या दिवशी वैदूकडे नेलेला रुग्ण सहाव्या दिवशी चालू लागला, तर घरच्यांनी काय समजायचं? पाणथरीची गोष्ट तर याहून विचित्र आहे. वारंवार रक्तपुरवठा तुटल्यानं काही रुग्णांची प्लीहा हळूहळू आक्रसून निकामी होते. गोळा हाताला लागेनासा होतो, घरचे म्हणतात पाणथरी जिरली. खरं तर जंतुसंसर्गाशी लढणारा एक अवयव गेलेला असतो. रुग्ण खोटं बोलत नाही. त्याला दिसलं ते त्यानं सांगितलं. पण जे दिसलं ते औषधाचं काम होतं की आजाराची स्वतःची चाल होती, हे एकट्या रुग्णाच्या अनुभवातून ठरत नाही. दवाखान्यातल्या गोळीनं आराम पडला म्हणणाऱ्यालाही नेमका हाच नियम लावायला हवा. तो सहसा कोणी लावत नाही, ही वेगळी गोष्ट.

म्हणून हे सगळे उपचार निव्वळ मनाचे खेळ होते, असंही नाही. निर्गुडीचा शेक घ्या. ओला पाला तव्यावर किंवा खापरावर गरम करायचा, वाफ धरली की धडप्यात गुंडाळून सांध्यावर बांधायचा, गार झाला की दुसरा. यात पाल्याचा गुण किती हे बाजूला ठेवलं तरी उष्णतेचा गुण उरतोच. थंडीनं वाहिन्या आकसतात आणि झटका बळावतो, उबेनं आराम पडतो. वेदनेच्या झटक्यात डॉक्टरही अंग उबदार ठेवा आणि पाणी भरपूर प्या असंच सांगतात. काढा दिवसातून तीन-चारदा पेलाभर प्यायला की पोटात गरम पाणी जातं, आणि वैदूचं पथ्य बहुधा पडून राहण्याचं, म्हणजे विश्रांतीचं. गोंदियात याला महत्त्व आहे, कारण इथे शेती म्हणजे धान, आणि पावसात बांधीत घोटाभर गार पाण्यात दिवसभर वाकून रोवणी करणं हे सिकलसेलच्या रुग्णाला त्रासात ढकलणारं काम आहे. ज्या बाईला वैदू आठ दिवस ओल्यात जायचं नाही म्हणून घरी बसवतो, तिला त्याच्या मुळीनं बरं वाटतं की त्याच्या मनाईनं? मनाईचा वाटा मोठा असावा. मुळीशिवाय सासरच्यांनी ती मनाई मानली असती का, हाही प्रश्न आहेच.

नुकसानीचा हिशेबही मांडला पाहिजे, कारण झाडपाल्यानं बिघडत तर काही नाही हे वाक्य फार सहज बोललं जातं. लहान मुलाच्या प्लीहेत अचानक रक्त साचून पोट फुगतं तेव्हा काही तासांत रक्त चढवावं लागतं. अशा वेळी पोटावर तापल्या लोखंडाचे किंवा बिब्याचे डाग देत बसणं म्हणजे हातातला वेळ घालवणं. लोहाचं तसंच. चरकसंहितेच्या पांडुरोगाच्या अध्यायात नवायस लोह, पुनर्नवा मंडूर असे योग आहेत आणि ज्या पांडूत लोह कमी असतं त्यात त्यांना अर्थही आहे. पण सिकलसेलच्या ज्या रुग्णाला वारंवार रक्त चढवलं गेलं आहे, त्याच्या शरीरात प्रत्येक पिशवीमागे दोनशे मिलिग्रॅमहून अधिक लोह येतं आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही. त्याला रक्तवाढीचं भस्म देणं घातक. दुसऱ्या रुग्णात मात्र लोह खरोखरच कमी असू शकतं, म्हणजे तपासल्याशिवाय हो किंवा नाही म्हणता येत नाही. गुळवेल तर करोनाच्या काळात घरोघर शिरली. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्या निष्कर्षाला हरकत घेतली आणि वनस्पतीची ओळख नीट पटवली नसल्याचं म्हटलं. हरकत रास्त धरली तरी तीच शंका बाजारातल्या प्रत्येक पुडीला लागू पडते. आत काय आहे, हे घेणाऱ्याला कुठे माहीत असतं?

मग रुग्ण वैदूकडे का जातो? अज्ञान हे उत्तर सोपं आहे म्हणूनच मला ते पटत नाही. अंतर हे एक कारण. गोंदिया भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी, आणि जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं २०१६ साली. तोवर देवरी किंवा सालेकशाच्या रुग्णाला मोठा इलाज म्हणजे नागपूर, दीडशेच्या आसपास किलोमीटरवर, रेल्वेचं भाडं आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी धरून. पण अंतरापेक्षा मोठं कारण मला लग्न वाटतं. रक्ततपासणीचा कागद आजाराबरोबर आनुवंशही उघड करतो. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक, हे समुपदेशनात सांगितलं जातं ते योग्यच. गावात त्याचा अर्थ मात्र मुलीच्या रक्तात खोट आहे असा लावला जातो, आणि मुलाच्या बाबतीत तोच कागद अनेकदा पेटीच्या तळाशी जातो. वैदू कागद देत नाही. तो वात म्हणतो, कावीळ म्हणतो, आणि वातानं कोणाची सोयरीक मोडत नाही. झाडपाल्याबरोबर रुग्णाला मिळतं ते हे न सांगता राहण्याचं स्वातंत्र्य, आणि कोणत्याही गोळीत ते नसतं. गडचिरोलीत १९८६ पासून काम करणाऱ्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी सुरुवातीलाच सिकलसेलची पाहणी केली आणि हा प्रश्न लोकांना आपला वाटत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. शेजारच्या गोंदियालाही तो धडा लागू आहे. ज्या रोगाचं नाव घेतल्यानं फक्त नुकसानच होतं, त्याचं नाव लोक का घेतील?

यावर कोणी म्हणेल की झाडपाल्याविषयी इतक्या सहानुभूतीनं लिहिणं म्हणजे सिकलसेल मुळासकट बरा करतो म्हणणाऱ्या पुडीवाल्यांना बळ देणं आहे. हायड्रॉक्सीयुरिया या औषधानं मोठ्या रुग्णांतले वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर येतात हे १९९५ च्या अमेरिकी चाचणीत दिसलं, आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी कमी मात्रेत ते आपल्याकडच्या मुलांनाही उपयोगी पडत असल्याचं दाखवलं. मग मुळ्यांची चर्चा हवी कशाला? आक्षेपाचा पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. हायड्रॉक्सीयुरिया सोडून काढा घ्या म्हणणारा माणूस रुग्णाचा शत्रूच आहे. पण चर्चा बंद केल्यानं काढा बंद होत नाही, तो डॉक्टरपासून लपवला जातो इतकंच. नायजेरियानं दुसरी वाट धरली. तिथल्या एका पारंपरिक औषधदात्याच्या घराण्यातल्या नुस्ख्यावरून अबुजाच्या सरकारी औषधसंशोधन संस्थेनं ‘निप्रिसान’ तयार केलं, त्यात लवंग आणि ज्वारीची पानंही आहेत. ८२ रुग्णांवर खऱ्या आणि लुटुपुटूच्या औषधाची अदलाबदल करून चाचणी झाली, २००१ साली निष्कर्ष छापून आले आणि तीव्र झटके कमी झाल्याचं दिसलं. आणखी मोठ्या चाचण्या हव्यात, हा चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन समीक्षेचा शेरा त्यावर आजही कायम आहे. औषधाचा परवाना घेणारी अमेरिकी कंपनी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली. नायजेरियातच तुरीच्या बियांच्या अर्काचीही चाचणी झाली. गोंदियात बांधीच्या धुऱ्यावर तूर असतेच आणि ताटात वरण असतंच. म्हणून कोणी वरणाला औषध समजू नये, पण आपल्या मातीतल्या वनस्पतीची परीक्षा दुसऱ्यांनी केली आणि आपण केल्याचं दिसत नाही, हे नोंदवायला हरकत नसावी.

उलट बाजूचा आक्षेप असा की हजारो वर्षांचा अनुभव हाच पुरावा, त्याला परीक्षा कशाला? अनुभव हजारो वर्षांचा असेल, पण तो वाताचा आणि काविळीचा. सिकलसेल म्हणून वेगळा काढलेला रुग्ण विदर्भातल्या कोणत्याही औषधदात्यासमोर १९५८ पूर्वी आलेला नसावा. आता येऊ शकतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल इथे सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत १७ राज्यांतल्या सात कोटी लोकांची तपासणी ठरवण्यात आली. कोणाचं रक्त कसं आहे हे त्यातून कळतं. तो काय घेतो, कोणाकडून घेतो आणि घेतल्यावर काय झालं, हे विचारणारा एक रकाना त्याच कागदावर मावेल. त्यापुढे एखाद्या मुळीची खरी परीक्षा करायची झालीच, तर चालू गोळ्या बंद न करता करावी लागेल, आणि मोजायचं काय हेही ठरलेलं आहे: झटक्याचे दिवस, दवाखान्यातल्या भरत्या, चढवलेल्या रक्ताच्या पिशव्या, यकृताची तपासणी. काळ निदान एक पूर्ण वर्षाचा हवा, ज्यात जुलै-ऑगस्टची रोवणीही येईल आणि डिसेंबर-जानेवारीची थंडीही. रोवणीत सुरू करून उन्हाळ्यात गुंडाळलेल्या चाचणीत कोणतीही मुळी गुणकारीच ठरेल.