अर्धवट कागद

दिवाळीची साफसफाई आली की माझ्या पोटात गोळा येतो. टेबलावरचा कागद पुरा लिहिलेला आहे की अर्धा, हा भेद हिच्या केरसुणीला मान्य नाही. "अहो, कपाटात ठेवला नव्हतात, म्हणजे नकोच असेल!" हा तिचा कायदा. संसारात त्यावर अपील नसते. पण मी जन्मभर प्रोग्रॅम लिहिण्याची नोकरी केली, आणि तिथेही हाच कायदा भेटला!

तिथे आपल्या लिखाणाच्या आवृत्त्या सांभाळायला एक कारकून असतो. (कारकून म्हणजे तोही प्रोग्रॅमच.) आपण 'कमिट' म्हटले की तो वहीत नोंद करतो. नोंदलेले सहसा बुडत नाही. भानगड असते ती टेबलावर पसरलेल्या, न नोंदलेल्या कामाची.

या घराण्याचा मूळपुरुष एससीसीएस. जन्म १९७२, बेल लॅब्ज. जुनी प्रत मागावी आणि टेबलावर आपली चालू फाइल पडलेली असावी, की हे गृहस्थ सरळ नकार देत. खाक्या सरकारी, पण काम वाचे! पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पर्ड्यू विद्यापीठात आरसीएस झाले. ते विचारी, "ही पुसू का?" आणि आपण नुसते एंटर दाबले तर उत्तर 'नाही' असे धरी. काय ती अदब!

मग २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांचे गिट आले. हुशारी तर विचारू नका. शाखा बदलताना आपले काम तुडवले जाणार असेल तर तेही अडवते. पण त्याच 'चेकआउट' शब्दापुढे शाखेऐवजी एक टिंब दिले, की फोल्डरमधले बदल पुसून जुनी प्रत हजर! विचारणे नाही, खाकरणे नाही. माझे दोन दिवसांचे काम असे एका टिंबाने गेले. पडदा इतका शांत होता, की सगळे ठीक झाले असे समजून मी चहाला गेलो.

"वेळच्या वेळी कमिट करावं," साहेब म्हणाले. अहो, पण पुरे झालेले काम डोक्यात तरी राहते. अर्धवट असते तेच पुन्हा सुचत नाही!

२०१९ मध्ये गिटने 'स्विच' आणि 'रिस्टोर' असे दोन शब्द वेगळे केले. पण 'रिस्टोर'ही विचारत नाही. त्याच वर्षी सुरू झालेले जुजुत्सू मात्र कुठलाही हुकूम सोडा, आधी टेबलावरचा पसारा आपण होऊन नोंदवते. कारकून असावा तर असा.

हे सगळे मी हिला सांगितले. त्यातली आरसीएसची रीत तिला पटली. परवा तिने खरेच विचारले, "अहो, हे टाकू का?" मी डुलकीत होतो. आरसीएसच्या लेखी गप्प म्हणजे नाही. आमच्या घरात मौन म्हणजे संमती.

हा लेख मी दुसऱ्यांदा लिहितो आहे.