हचिन्सन बाहुली
हचिन्सन बाहुली : कवटीतील दाब वाढून मेंदूचा भाग जागचा सरकल्यास त्याच बाजूच्या डोळ्याची बाहुली विस्फारते व प्रकाशाने आकुंचन पावेनाशी होते. या लक्षणास इंग्रज शस्त्रवैद्य जोनाथन हचिन्सन (१८२८–१९१३) यांचे नाव देण्यात आले आहे.

कवटी कठीण व मेंदू न दबणारा असल्यामुळे आतील एकूण आकारमान वाढू शकत नाही, या विचाराचा पाया अलेक्झांडर मन्रो (दुसरे) यांनी १७८३ मध्ये घातला. रक्तस्राव, अर्बुद किंवा गळू यांमुळे जागा अपुरी पडली म्हणजे शंखखंडाचा आतील काठ मेंदूच्या आवरणातील फटीतून खाली घुसतो. यालाच मेंदूचा अंतर्गळ म्हणतात. तेथून जाणाऱ्या तिसऱ्या मस्तिष्क तंत्रिकेवर त्यामुळे दाब येतो. बाहुली आकुंचित करणारे तंतू या तंत्रिकेच्या पृष्ठभागालगत असल्याने त्यांवर परिणाम प्रथम होतो. पापणी पडणे व डोळा बाहेर आणि खाली वळणे ही लक्षणे बहुधा नंतर दिसतात.

हचिन्सन यांनी १८६७ मध्ये लंडन येथे मेंदूवरील दाबासंबंधीच्या व्याख्यानांत या बाहुलीचे वर्णन केले. पुढे ग्लासगोचे विल्यम मॅक्यूएन यांनी शंखखंडातील गळवाने मृत्यू पावलेल्या रुग्णाचा मेंदू गोठवून त्याचे छेद घेतले व तंत्रिकेवरील दाब चित्रित केला. अशा अंतर्गळांचे विवेचन ॲडॉल्फ मायर यांनी १९२० मध्ये केले.

१९२९ मध्ये केर्नोहन व वोल्टमन यांनी एक फसवे लक्षण स्पष्ट केले. सरकलेल्या मेंदूमुळे मध्यमस्तिष्काची विरुद्ध बाजू पडद्याच्या काठावर दाबली गेल्यास पक्षाघात विकृतीच्याच बाजूस होतो. त्यामुळे केवळ लुळ्या अंगावरून कवटी चुकीच्या बाजूस उघडली जाण्याचा धोका असे. बाहुली मात्र बहुधा खरी बाजू दाखविते. १९७१ मध्ये लंडन येथे संगणकीय छेददर्शन प्रथम रुग्णावर वापरले गेले. त्यापूर्वी कवटीला पहिले छिद्र कोठे पाडावे, हे पुष्कळदा बाहुलीवरूनच ठरत असे.

डोळ्यास झालेली इजा किंवा डोळ्यात घातलेले औषध यांमुळेही बाहुली विस्फारते, म्हणून जाणीव व श्वसन यांचीही तपासणी आवश्यक असते. दोन्ही बाहुल्या विस्फारून स्थिर झाल्यास रुग्ण वाचण्याची आशा फार कमी उरते. यामुळेच छेददर्शनाची सोय असतानाही बेशुद्ध रुग्णाच्या बाहुल्या विजेरीच्या प्रकाशात वारंवार पाहण्याची पद्धत टिकून आहे.