शासकीय भांडार खरेदी आणि लघुउद्योग : दर-संरक्षणाकडून संधी-संरक्षणाकडे

प्रस्तावना :
शासन हा देशातील सर्वांत मोठा ग्राहक होय. कार्यालयातील टेबल-खुर्चीपासून रुग्णालयातील चादरींपर्यंत असंख्य वस्तूंची खरेदी निविदांद्वारे होते. या मागणीत लघुउद्योजकाला वाटा मिळावा, हे धोरण भारतात दीर्घकाळ मान्य झालेले आहे. मात्र या वाट्याचे स्वरूप काळानुसार बदलत गेले. हा बदल लक्षात न घेता भरलेली निविदा मंजूर होऊनही उद्योगाला तोट्यात नेऊ शकते. प्रस्तुत लेखात या बदलाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी :
एकोणिसाव्या शतकात भारत सरकारला लागणाऱ्या मालाची मोठी खरेदी लंडनमधील इंडिया ऑफिसमार्फत होत असे. देशी मालाला उत्तेजन देण्याचे तत्त्व १८८३ मध्ये मान्य झाले, तरी व्यवहारात त्याचा प्रभाव मर्यादितच राहिला. १९२२ मध्ये भारतीय भांडार विभाग स्थापन झाला आणि १९३० च्या सुमारास भारतातच माल पोहोचविण्याच्या अटीवर रुपयांत निविदा मागविण्याचे धोरण अवलंबिले गेले. त्यामुळे देशी कारखानदाराला स्पर्धेत उतरता आले. तथापि हा लाभ देशी उद्योगाला होता; लहान उद्योगाचा स्वतंत्र विचार त्यात नव्हता.

दर-संरक्षणाचे पर्व :
लहान उद्योगाचा असा स्वतंत्र विचार स्वातंत्र्योत्तर काळात झाला. फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने आलेल्या तज्ज्ञ मंडळाच्या १९५४ च्या शिफारशींनंतर १९५५ मध्ये राष्ट्रीय लघुउद्योग निगम अस्तित्वात आले. त्याच वर्षी पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी ग्रामीण व लघुउद्योगांचा विचार केला. १९५५-५६ पासून शासकीय भांडार खरेदी कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात १९६२ मध्ये लघुउद्योग विकास महामंडळ स्थापन झाले.

या पर्वातील सवलती प्रामुख्याने तीन प्रकारच्या होत्या. काही वस्तू केवळ लघुउद्योगांकडूनच घेण्यासाठी राखून ठेवल्या गेल्या. निगमाकडे नोंदणी झालेल्या घटकाला निविदेचे कागद विनामूल्य मिळत व बयाणा रकमेतून सूट असे. तिसरी सवलत दराची होती. मोठ्या उद्योगाच्या दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत अधिक दर असला तरी लघुउद्योगाचा माल घेता येत असे. लहान प्रमाणावरील उत्पादनाचा खर्च अधिक असतो, हे वास्तव शासनाने येथे मान्य केले होते.

२०१२ चा आदेश :
सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ च्या कलम ११ अन्वये २०१२ मध्ये सार्वजनिक खरेदी धोरणाचा आदेश निघाला. केंद्रीय मंत्रालये, विभाग व सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २० टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असे उद्दिष्ट त्यात होते. ते २०१५ पासून बंधनकारक झाले. २०१८ च्या दुरुस्तीने हे प्रमाण २५ टक्के करण्यात आले. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के व महिला उद्योजकांसाठी ३ टक्के वाटा आहे. ३५८ वस्तू राखीव ठेवण्यात आल्या. मध्यम उद्योग व केवळ व्यापार करणारे पुरवठादार या लाभास पात्र नाहीत.

या आदेशातील महत्त्वाचा बदल दराविषयी आहे. न्यूनतम दर मोठ्या उद्योगाचा असेल आणि लघुउद्योगाचा दर त्याहून १५ टक्क्यांच्या आत असेल, तर लघुउद्योगाला आपला दर न्यूनतम दरापर्यंत खाली आणून पुरवठ्याचा २५ टक्क्यांपर्यंत वाटा मिळविता येतो. म्हणजे १५ टक्के हा आकडा कायम राहिला, पण त्याचा अर्थ बदलला. समजा, मोठ्या कारखान्याने नगास १०० रुपये व लहान घटकाने ११२ रुपये दर भरला. पूर्वी त्या घटकाला ११२ रुपये मिळू शकत होते. आता त्याला १०० रुपयांतच माल द्यावा लागतो. त्याचा उत्पादनखर्च १०४ रुपये असेल, तर मिळालेली संधी प्रत्येक नगामागे ४ रुपयांचा तोटा घेऊन येते.

प्रवेश आणि देयक :
२०१६ मध्ये शासकीय ई-बाजारपेठ सुरू झाली, २०१७ मध्ये पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय बंद झाले आणि २०२० पासून उद्यम नोंदणी ऑनलाइन झाली. निविदेची माहिती मिळविण्यासाठी कार्यालयांचे उंबरठे झिजविण्याची गरज त्यामुळे बरीच कमी झाली.

देयकाचा प्रश्न मात्र अधिक चिवट ठरला. विलंबित देयकांवरील व्याजाचा कायदा १९९३ मध्ये झाला. २००६ च्या अधिनियमाने ४५ दिवसांची कमाल मर्यादा आणि बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाची तरतूद केली. तंट्यांसाठी सुविधा परिषदा नेमल्या. परंतु पुढील पुरवठा आदेश ज्या कार्यालयाकडून अपेक्षित आहे, त्याच्याविरुद्ध व्याजाचा दावा लावण्यास लहान पुरवठादार सहजासहजी धजावत नाही. प्रवेशाची सवलत कागद दाखवून मिळते. देयकाचा हक्क मात्र भांडून मिळवावा लागतो.

निष्कर्ष :
१) शासकीय खरेदीतील संरक्षण दराकडून संधीकडे सरकले आहे. म्हणून निविदा भरण्यापूर्वी, दर कितपत खाली आणता येईल हे उत्पादनखर्चाच्या हिशेबाने ठरविणे आवश्यक आहे.
२) हा हिशेब पूर्ण पुरवठ्यासाठी व चतुर्थांश पुरवठ्यासाठी स्वतंत्रपणे करावा. उत्पादन घटले तरी स्थिर खर्च घटत नाही.
३) देयक येईपर्यंत लागणाऱ्या खेळत्या भांडवलावरील व्याज दरातच धरावे.
४) नोंदणी निविदेपूर्वी करावी आणि माल स्वीकारल्याची दिनांकित पोच जपावी, विलंबाच्या दाव्याचा तोच मुख्य आधार असतो.

१९५५ पासूनच्या धोरणाने लघुउद्योजकाला निविदेच्या दारापर्यंत आणले. त्याने दारातून आत जाऊन तगावे, यासाठी वेळेवर मिळणारे देयक हीच यापुढील खरी सवलत ठरेल.