बंदरातला बेसवाला

लॉस एंजेलिस म्हटलं की बहुतेकांना हॉलिवूड आठवतं. आम्हा बोटीवरच्या माणसांना आठवतं सॅन पीड्रो. शहराच्या पार दक्षिण टोकाचं हे बंदर. 1909 साली लॉस एंजेलिसने ते आपल्या हद्दीत घेतलं, कारण मोठ्या शहराला समुद्र हवा होता. समोर टर्मिनल आयलंड, मधल्या खाडीवर 1963 मध्ये बांधलेला हिरवा व्हिन्सेंट थॉमस पूल. क्रोएशियन, इटालियन, पोर्तुगीज आणि जपानी कोळ्यांनी इथली मासेमारी उभी केली, ट्यूना डब्यात भरायचे कारखाने चालवले. 1934 चा पश्चिम किनाऱ्यावरचा गोदी कामगारांचा मोठा संप इथेही लढला गेला. मी ज्युनिअर इंजिनिअर म्हणून या बंदरात पहिल्यांदा उतरलो, तोवर ट्यूनाचे कारखाने बंद पडत चालले होते आणि धक्क्यावर कंटेनरचं राज्य आलं होतं.

अशा गावातून पंक रॉकचा एक बेसवादक निघाला आणि जगभर हिंडूनही त्याच गावचा राहिला. त्याचं नाव माईक वॉट. जन्म 1957 चा, व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथचा. वडील अमेरिकी नौदलात, तेही इंजिन रूममध्ये. त्यांच्या नोकरीमुळे कुटुंब सॅन पीड्रोच्या नौदल वसाहतीत आलं. वॉट साधारण तेरा वर्षांचा असताना तिथल्या बागेत एका पोराने झाडावरून थेट त्याच्या पुढ्यात उडी मारली. पोराला वाटलं होतं, हा आपलाच कोणी मित्र. पोराचं नाव डी. बून. बोलायला लागला तो असा काही, की वॉट थक्क झाला. ते सगळं जॉर्ज कार्लिन या विनोदवीराचं तोंडपाठ केलेलं होतं, हे वॉटला पुढे कळलं. पोरं रस्त्यावर भटकू नयेत म्हणून बूनच्या आईने त्यांना वाद्यं घ्यायला लावली. बूनला गिटार, वॉटला बेस. बेस म्हणजे काय हेच वॉटला ठाऊक नव्हतं. साध्या गिटारला चारच तारा लावून तो सुरुवातीला वाजवत होता.

1980 मध्ये या दोघांनी ‘मिनिटमेन’ हा बँड काढला. लवकरच ड्रमवर त्यांचा जुना साथीदार जॉर्ज हर्ली आला. गाणी एवढी आखूड, की काही मिनिटभरही चालत नाहीत. पहिल्या रेकॉर्डमध्ये सात गाणी आहेत आणि सगळी मिळून सात मिनिटंही भरत नाहीत. पुढच्या वर्षीच्या ‘द पंच लाइन’मध्ये अठरा गाणी पंधरा मिनिटांत. पंक म्हणजे नुसता आरडाओरडा, असं समजणाऱ्याने हे ऐकावं. त्यात जॅझ आहे, फंक आहे, मध्य अमेरिकेतल्या युद्धांवरचा राग आहे आणि तिघंही एकमेकांना वाव देत वाजवतात. बून तर गिटारचा आवाज मुद्दाम पातळ ठेवी, बेसला आणि ड्रमला जागा मिळावी म्हणून.

पण मला खरं महत्त्व वाटतं ते त्यांच्या कामाच्या रीतीचं. या रीतीला ते ‘इकॉनो’ म्हणत. स्टुडिओचे दर रात्री उतरतात, म्हणून रेकॉर्डिंग रात्री. टेप वापरलेली, म्हणून स्वस्त. गाणी रेकॉर्डवर ज्या क्रमाने यायची त्याच क्रमाने वाजवायची, म्हणजे नंतर कापाकापीचा खर्च नाही. दौऱ्यावर गाडी स्वतः चालवायची, अँप्लिफायर स्वतः उचलायचे, रात्री ऐकायला आलेल्याच कोणाच्या तरी घरी जमिनीवर पथारी टाकायची. शिवाय त्यांनी न्यू अलायन्स ही स्वतःची छोटी कंपनी काढली आणि दुसऱ्यांच्याही रेकॉर्ड छापल्या; मिनेसोटाच्या ‘हुस्कर डू’ बँडची पहिली एलपी तिथूनच आली. 1984 मध्ये त्याच हुस्कर डूने डबल अल्बम केल्याचं ऐकून हे तिघं ईर्षेला पेटले आणि ‘डबल निकल्स ऑन द डाइम’ तयार झाला. चाळीसहून जास्त गाणी, खर्च अकराशे डॉलरच्या आसपास. कव्हरवर वॉट आपली फोक्सवॅगन बीटल बरोबर ताशी 55 मैलांवर चालवताना दिसतो. तेव्हाची सरकारी वेगमर्यादा तीच होती. वेगात गाडी हाकण्यापेक्षा आम्ही संगीतात धाडस करतो, असं त्यांना सांगायचं होतं, आणि ते खरंही होतं.

22 डिसेंबर 1985 ला ॲरिझोनाच्या वाळवंटात व्हॅनला अपघात झाला. बून ताप आल्याने मागे आडवा झाला होता, तो बाहेर फेकला गेला आणि जागीच गेला. वय 27. त्याच महिन्यात ते आर. ई. एम. बँडच्या दौऱ्यात वाजवून आले होते. नाव नुकतं कुठे कानावर जाऊ लागलं होतं.

वॉटने बेस खाली ठेवला. ओहायोतला एड क्रॉफर्ड नावाचा एक विद्यार्थी सॅन पीड्रोत येऊन थडकला आणि ‘पुन्हा वाजव’ म्हणून त्याच्या मागेच लागला. त्यातून ‘फायरहोज’ बँड झाला, तो 1994 पर्यंत चालला. याच काळात रेड हॉट चिली पेपर्स या बँडने 1991 चा आपला गाजलेला अल्बम वॉटला अर्पण केला. लाखांनी खपणारे लोक त्याला गुरू मानत होते आणि तो मात्र व्हॅनच हाकत होता.

1997 साली त्याचा ‘कॉन्टेम्प्लेटिंग द इंजिन रूम’ आला. त्यावर मात्र मला थांबायला हवं. जहाजाच्या इंजिन रूममधली तीन माणसं, एक दिवस. ही तीन माणसं म्हणजे मिनिटमेन, आणि त्यांच्या आडून वॉट वडिलांचं नौदलातलं आयुष्यही सांगतो. विषुववृत्त ओलांडण्यावर त्यात गाणं आहे, किनाऱ्यावर सुट्टी मिळण्यावर आहे, हर्लीच्या नावाचंही आहे. दौऱ्यावरून वॉट वडिलांना पत्रं पाठवत असे. ती वाचूनच वडिलांना उमगलं, की पोरगाही खलाशासारखाच जगतो आहे. मी आयुष्य इंजिन रूममध्ये काढलं, म्हणून खात्रीने सांगतो: खालचं काम नीट चाललं तर वरच्या डेकवर त्याची कोणी आठवणही काढत नाही, आणि बेसचंही तसंच आहे. बेसवाल्याच्या जागेवरून आपल्या माणसांचा इतिहास इतक्या मायेने सांगितलेला मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

2000 साली शरीरात फुटलेल्या गळवाने तो मरता मरता वाचला. कित्येक महिने अंथरुणात गेले, बोटांतली ताकद गेली. स्टूजेस बँडची गाणी वाजवत त्याने हात परत आणला, आणि 2003 मध्ये त्यांचा गायक इगी पॉप याने स्टूजेस पुन्हा उभा केला तेव्हा बेसवर वॉटच होता. तिथे दहा वर्षं मोठ्या व्यासपीठांवर वाजवूनही त्याने स्वतःचं छोटं काम सोडलं नाही. ‘हायफनेटेड-मॅन’ची तीस छोटी गाणी त्याने बूनच्या जुन्या गिटारवर रचली. मिनिटमेनचा एक तुकडा व्होल्वोच्या जाहिरातीला दिला, तो बूनच्या आजारी वडिलांना पैसे मिळावेत म्हणून.

त्याला मोठी प्रसिद्धी मिळाली नाही याची हळहळ करणारे भेटतात. मला ती पटत नाही. ज्याचा खर्चच कमी, त्याला कोणापुढे वाकावं लागत नाही. म्हणूनच हा माणूस चाळीस वर्षांहून जास्त टिकला. ज्यांच्या घरात कोणी बोटीवर आहे, त्यांनी ‘कॉन्टेम्प्लेटिंग द इंजिन रूम’ पहिल्यापासून शेवटपर्यंत मध्ये न थांबता ऐकावा, आणि ‘डबल निकल्स’ त्यानंतर.