गाजरगवत आणि त्वचेचा इसब : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

इसब बळावण्याची कारणे सांगताना साबण, लोकर, धूळ, घाम व मानसिक ताण यांचा उल्लेख नेहमी होतो. महाराष्ट्रात मात्र या यादीतील एका कारणाला स्वतंत्र इतिहास आहे. ते कारण म्हणजे गाजरगवत अथवा काँग्रेस गवत (पार्थेनियम हिस्टेरोफोरस). प्रस्तुत लेखात या इतिहासाचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

मूळच्या उष्णकटिबंधीय अमेरिकेतील या वनस्पतीची पुण्यातील नोंद आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. पी.एल. ४८० च्या गव्हाबरोबर तिचे बी आले, असा समज रूढ आहे. परंतु या कायद्याखालील भारत-अमेरिका करार ऑगस्ट १९५६ मधील असून वनस्पती पुण्यात १९५५ च्या सुमारासच आढळली होती. १९५१ मध्येही अमेरिकेने भारताला गव्हासाठी कर्ज दिले होते. त्यामुळे केवळ पी.एल. ४८० ला जबाबदार धरणे कालक्रमाला धरून नाही.

लोणकर व जोग यांनी १९६८ मध्ये या वनस्पतीमुळे झालेल्या त्वचादाहाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. १९७४ मध्ये लोणकर, मिचेल व कॅल्नन यांचा विस्तृत निबंध आला. वनस्पतीतील पार्थेनिन हे द्रव्य त्वचेत विलंबित स्वरूपाची अधिहर्षता निर्माण करते. वाळलेल्या वनस्पतीचे सूक्ष्म कण हवेतून येत असल्याने चेहरा, पापण्या, मान व कोपरांच्या खळगी येथे इसब उठतो. हे चित्र कधी उन्हाच्या अधिहर्षतेसारखे, तर कधी आनुवंशिक इसबासारखे भासते. निश्चित निदानासाठी पॅच चाचणी उपयोगी पडते.

या व्याधीचा भार प्रामुख्याने शेतकरी व शेतमजूर यांच्यावर पडतो. मलमाने दाह शमला, तरी रुग्णाला पुन्हा त्याच बांधावर जावे लागते व व्याधी उलटते. वनस्पतीच्या नियंत्रणासाठी १९८३ मध्ये मेक्सिकन भुंगा (झायगोग्रामा बायकोलोराटा) बंगळूर येथे आणण्यात आला. तरीही समूळ उच्चाटन झालेले नाही.

सारांश, येथे रोगाचे कारण रुग्णाच्या त्वचेइतकेच त्याच्या परिसरात व उपजीविकेत आहे. महाविद्यालयीन श्रमदान शिबिरांत विद्यार्थ्यांकडून हे गवत उघड्या हातांनी उपटून घेतले जाऊ नये. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि फुलोऱ्यापूर्वीची वेळ यांचे भान आयोजकांनी ठेवणे अगत्याचे आहे.