सायकल: मुंबई ते शीव

मुंबईत सायकल आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, साहेब लोकांची आणि सधन पारशी घराण्यांची हौस म्हणून. रॅले, हंबर, बीएसए ही विलायतेची यंत्रे कारकुनाच्या पगारात बसणारी नव्हती. या हौसेचे टोक १५ ऑक्टोबर १९२३ रोजी गाठले गेले. बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण त्या दिवशी सायकलींवरून जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटरची मजल मारून मार्च १९२८ मध्ये परतले. पृथ्वीला सायकलने वळसा घालणारे वीर या शहराने दिले, पण रोज सायकलने कामावर जाणारा नोकरदार मात्र येथे कधी मोठ्या संख्येने तयार झाला नाही. त्याचे कारण शहराच्या घडणीत आहे.

मुंबई बेट अरुंद आणि लांबट. कामधंदा दक्षिणेला, वस्ती उत्तरेकडे सरकत गेलेली आणि बेटाच्या उत्तर टोकाला शीव. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर, माटुंगा, शीव हा पट्टा आखून काढला. आजचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग त्या काळातला. रुंद रस्ते, पदपथ, झाडे असा तो आराखडा होता. सायकलसाठी वेगळी पट्टी त्यात नव्हती आणि त्यात नवल नाही, कारण जिच्यापासून सायकलला वाचवायचे ती मोटार तेव्हा जवळपास नव्हतीच.

पुढे शीवच्या रहिवाशाला लांबच्या प्रवासासाठी सायकलची गरजच उरली नाही. विजेची ट्राम १९०७ मध्ये सुरू झाली आणि कालांतराने तिचे रूळ किंग्ज सर्कलपर्यंत आले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेची आगगाडी बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली, ती शीव कोळीवाड्याच्या अंगावरून जाणाऱ्या हार्बर मार्गानेच. एका बाजूला मध्य रेल्वेवरचे शीव स्थानक आणि दुसऱ्या बाजूला हार्बरवरचे कोळीवाडा, म्हणजे आजचे गुरु तेगबहादूर नगर, अशी दोन स्थानके चालत जाण्याच्या अंतरावर असताना बोरीबंदरपर्यंत पायडल मारत जाण्याचे कारण नव्हते.

परळ-लालबागच्या गिरणी कामगाराची गोष्ट आणखी वेगळी. तो चाळीतून गिरणीत पायी जाई. भोंगा झाला की घरातून निघणारा माणूस काही मिनिटांत फाटकाशी पोहोचे. शिवाय सायकल ठेवायची कुठे? एका खोलीत पाळ्यापाळ्यांनी दहा-बारा जण झोपत असत तेथे सायकलला जागा मिळणे शक्य नव्हते. पुण्यात वाड्याचे अंगण होते, अंतरे माफक होती आणि लोकल नव्हती. त्यामुळे ‘सायकलींचे शहर’ ही ओळख पुण्याला मिळाली.

गंमत अशी, की सायकली बनवणारा मोठा कारखाना मात्र मुंबईत होता. बिर्ला समूहाची ‘हिंद सायकल्स’ वरळीत १९३९ च्या सुमारास उभी राहिली. पुढे सोनीपतची ॲटलस, लुधियानाची हिरो अशा कारखान्यांनी बाजार व्यापला, वरळीचा कारखाना आजारी पडला आणि १९८० मध्ये संसदेने कायदा करून त्याचे राष्ट्रीयीकरण केले. वरळीत घडलेल्या सायकली चालवल्या त्या बहुतांशी इतर शहरांनी आणि खेड्यांनी.

तरीही मुंबईच्या रस्त्यावरून सायकल कधी हटली नाही. ती माणसांची नव्हे, मालाची सायकल होती. या शहराच्या सायकल-इतिहासातली खरी मुख्य व्यक्ती आहे माल पोचवणारा. दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना अडकवलेला भैया, पावाची पोती लादलेला पाववाला, पेपरवाला, तार घेऊन येणारा पोस्टाचा शिपाई, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना आकड्यांनी गॅसचे सिलिंडर टांगणारा माणूस, रात्री थर्मास बांधून चहा-कॉफी विकणारा, या सगळ्यांचे पोट त्या दोन चाकांवर चालले.

यात सर्वांत प्रसिद्ध डबेवाले. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी हा धंदा संघटित केला. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतून आलेल्या या माणसांचे काम तीन टप्प्यांचे. सकाळी घरोघरचे डबे गोळा करून स्थानकावर आणायचे, तेथे खुणा पाहून वेगळे करून लोकलच्या मालडब्यात चढवायचे आणि उतरल्यावर कचेऱ्यांत पोचवायचे. पहिल्या आणि शेवटच्या टप्प्यात सायकल लागते. एकेका डबेवाल्याकडे तीस ते चाळीस डबे असतात; ते कॅरिअरवर, हँडलला आणि दांडीला असे टांगतात की पायडलवर पाय फिरायला जेमतेम जागा राहते. लोकल त्यांची सायकल वाहून नेत नाही. त्यामुळे एक सायकल घराकडच्या स्थानकाबाहेर आणि दुसरी कचेरीकडच्या स्थानकाबाहेर लागते. आज वाहतूकतज्ज्ञ ‘शेवटचा टप्पा’ म्हणून ज्याची चर्चा करतात, तो या मंडळींनी शंभर वर्षांपूर्वीच सोडवला होता, तोही स्थानकाबाहेर सायकल लावायला हक्काची जागा नसताना.

शीव कोळीवाडा आणि शेजारची धारावी यांचा वाटा इडलीवाल्यांच्या रूपाने दिसतो.  आसपास तमिळ वस्ती आहे. पहाटे येथल्या घरांतून वाफवलेल्या इडल्या-मेदूवड्यांचे मोठे ॲल्युमिनियमचे पातेले कॅरिअरवर चढते, चटणी-सांबाराचे डबे हँडलला लागतात आणि रबरी भोंपू वाजवत विक्रेते माटुंगा, दादर, परळच्या गल्ल्यांत शिरतात. ही सायकल साधी नसते. डबल बारची फ्रेम, रॉड ब्रेक, जाड तारांची चाके, मागे वेल्डिंग करून बसवलेले रुंद कॅरिअर आणि ओझे पेलणारे दोन पायांचे स्टँड अशी तिची बांधणी. भरल्या ओझ्याने ती चालवण्यापेक्षा ढकलावीच जास्त लागते. म्हणून तिला लागतो तो वेगाचा मार्ग नव्हे, तर सपाट कडेचा आणि खड्डे नसलेला रस्ता.

रस्ता मात्र उलट दिशेने बदलत गेला. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली आणि रस्त्याचा मधला भाग मोटारींना मोकळा झाला. १९९५ नंतर राज्य रस्ते विकास महामंडळाने मुंबईत ५५ उड्डाणपुलांचा कार्यक्रम हाती घेतला. वांद्रे-वरळी सागरी सेतू (२००९) आणि पूर्व मुक्त मार्ग (२०१३) सायकलला बंदच आहेत. आंबेडकर मार्गावर उड्डाणपुलांची रांग लागली. पुलाखालच्या अरुंद बाजूपट्टीत बसथांबा, उभ्या गाड्या, सिग्नल आणि सायकल यांनी मिळून मावायचे. कोलकात्यात पोलिसांनी २०१३ मध्ये १७४ रस्त्यांवर सायकलबंदी पुकारली तेव्हा मोठा आरडाओरडा झाला. मुंबईत एवढी बंदी घालावीच लागली नाही, ते काम पुलांनी केले. शीवच्या नाक्यावर आंबेडकर मार्ग, लालबहादूर शास्त्री मार्ग, पूर्व द्रुतगती महामार्ग आणि पनवेलकडचा रस्ता यांची वाहतूक एकत्र येते. तेथे सायकलस्वाराला रस्ता ओलांडण्याची वेगळी सोय नाही. त्यात १९१२ मध्ये बांधलेला शीवचा रेल्वेपूल १ ऑगस्ट २०२४ पासून वाहतुकीला बंद झाला. मोटारीला पडलेला वळसा इंधनाचा असतो, ओझे ढकलणाऱ्याला तो पायांनी काढावा लागतो.

२००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने, रस्त्याची जागा वाहनांच्या नव्हे तर माणसांच्या हिशेबाने वाटावी, असे सांगितले. त्यानंतर मुंबईत सायकलमार्ग आले खरे, पण ते सोयीच्या मोकळ्या जागा शोधत. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) २०११ च्या सुमारास वांद्रे-कुर्ला संकुलात सुमारे १३ किलोमीटरचा मार्ग आखला. तो संकुलातच सुरू होई आणि संकुलातच संपे. शीवहून धारावीमार्गे तेथे येणाऱ्याला त्याचा उपयोग शेवटच्या काही मिनिटांपुरता, आणि तेथेही बहुधा गाड्याच उभ्या असत. डिसेंबर २०१७ पासून मरिन ड्राइव्ह ते वरळी ही पट्टी दर रविवारी सकाळी सायकलींना मिळू लागली. रविवारी सकाळी कोण कामावर जातो, हा प्रश्न कोणी विचारला नसावा. पवई तलावाकाठचा मार्ग तर मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२२ रोजी बेकायदा ठरवून काढायला लावला, कारण तो पाणथळ जागेवर भराव घालून चालला होता.

शीवशी थेट संबंध असलेली योजना तानसा जलवाहिनीची. तानसाचे पाणी १८९२ पासून शहराला मिळते. त्याच्या जाड नळांकाठच्या झोपड्या न्यायालयाच्या आदेशाने हटवल्यावर मोकळ्या झालेल्या पट्ट्यात महापालिकेने मुलुंड ते शीव असा ३९ किलोमीटरचा सायकल आणि चालण्याचा मार्ग जाहीर केला. कागदावर ही योजना शहरातली सर्वांत शहाणी म्हणावी लागेल: सलग जागा, चढ-उतार कमी, गाड्यांचा उपद्रव नाही. पण हटवलेल्यांपैकी अनेक कुटुंबांना माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारी घरे देण्यात आली, तेथील प्रदूषणावरून त्यांना न्यायालयात झगडावे लागले, आणि मार्ग तुकड्यातुकड्यांनीच झाला. ज्यांच्या हातात रोज सायकल असते, असे कष्टकरी लोकच या मार्गाच्या कडेवरून उठवले गेले, हे योजनेचे वर्णन करताना सहसा सांगितले जात नाही.

वांद्रे-कुर्ला संकुलातील मार्गाचा शेवटही ठरून गेला. २०२५ मध्ये एमएमआरडीएने तेथील सायकलमार्ग काढून ती जागा मोटारींच्या मार्गिकांना देण्याचे ठरवले. ज्या पट्टीवरून डबा, दूध आणि इडली कधी गेली नाही, तिच्यासाठी भांडायला कोणी उभे राहिले नाही. मार्ग आखायचाच असेल तर तो शीव, दादर, परळच्या स्थानकांच्या दारापासून आखावा आणि त्याची रुंदी इडलीवाल्याच्या कॅरिअरवरून ठरवावी.