बॅटमॅनने शपथ घेतली कधी?

बॅटमॅन कुणाचा जीव घेत नाही, हे आपण इतकं गृहीत धरलेलं असतं की सिनेमात त्याच्या हातून कुणी मेलं की लगेच ओरड सुरू होते, "हा आमचा बॅटमॅन नाहीच!" म्हणून म्हटलं, हा नियम मुळात आला कुठून ते एकदा नीट बघावं. बघायला गेलो तर पहिल्याच गोष्टीत गंमत आहे.

१९३९ साली 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७व्या अंकात बॅटमॅन पहिल्यांदा आला. अवघी सहा पानांची गोष्ट. रसायनांच्या धंद्यातले भागीदार एकामागून एक मरतायत आणि मारणारा त्यांच्यातलाच एक आहे. शेवटी बॅटमॅन त्याला गाठतो, एक ठोसा लगावतो आणि तो माणूस कठडा तोडून थेट ॲसिडच्या टाकीत पडतो. आणि बॅटमॅन? असल्या माणसाचा शेवट असाच व्हायचा, अशा अर्थाचं काहीतरी बोलून मोकळा होतो. चेहऱ्यावर आठीसुद्धा नाही. (मुखवटा असतो म्हणा, पण तरी.)

पुढे तर कहर आहे. त्याच वर्षी ३२व्या अंकात हा बाबा शवपेट्यांत झोपलेल्या दोन व्हँपायर्सना चांदीच्या गोळ्या घालून मारतो. आणि लगेच पुढच्या, म्हणजे ३३व्या अंकात आपल्याला पहिल्यांदा कळतं की त्याच्या आईवडलांना लहानपणी त्याच्या डोळ्यांदेखत कुणीतरी गोळ्या घातल्या होत्या! आज आपण म्हणतो की आईवडील पिस्तुलाने गेले म्हणून त्याला पिस्तुलाचा तिटकारा. तेव्हा तसं काही नव्हतं. ही सांगड नंतरच्या लेखकांनी घातली.

यात बॉब केन आणि बिल फिंगर यांचं फारसं चुकलं असं मला वाटत नाही. त्यांच्यासमोर नमुने होते ते स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या रहस्यकथांचे. 'द शॅडो' हा त्यातला गाजलेला नायक, दोन्ही हातांत पिस्तुलं घेऊन गुंडांना लोळवणारा. बॅटमॅनची पहिली गोष्टसुद्धा शॅडोच्या १९३६ सालच्या एका कथेवरून घेतलेली आहे. इंद्रजाल कॉमिक्समुळे आपल्या ओळखीचा झालेला वेताळही १९३६चाच. कमरेला दोन पिस्तुलं त्याच्याही होती, पण तो बहुतेक वेळा समोरच्याच्या हातातलं हत्यार तेवढं उडवायचा. तेव्हा दोन्ही वाटा मोकळ्या होत्या, बॅटमॅन सुरुवातीला शॅडोच्या वाटेने गेला इतकंच.

वळण आलं १९४० च्या वसंतात. 'बॅटमॅन' नावाचा स्वतंत्र अंक निघाला. त्याच्या पहिल्याच अंकातल्या एका गोष्टीत ह्यूगो स्ट्रेंज नावाचा खलनायक माणसांना औषध टोचून राक्षस करतो. बॅटमॅन विमानातून मशीनगनने त्यांच्या ट्रकवर गोळ्या झाडतो आणि एका राक्षसाला तर गळ्यात दोर अडकवून विमानाला लटकवतो. जीव घेणं मला आवडत नाही, पण या वेळी नाइलाज आहे, असं काहीतरी स्वतःशी पुटपुटतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांना रुचलं नाही. त्यांनी फिंगरला बोलावून खडसावलं आणि हुकूम काढला की यापुढे बॅटमॅन पिस्तूल चालवणार नाही आणि माणूसही मारणार नाही. झाली शपथ! ना आईवडलांच्या थडग्यापाशी, ना वादळी रात्री. न्यूयॉर्कमधल्या एका ऑफिसात साहेबांनी दम दिला म्हणून. फिंगरने पुढे चौथ्या अंकात बॅटमॅनच्या तोंडून रॉबिनला सांगवलं की आपण हत्याराने कुणाचा जीव घेत नाही. नियम गोष्टीच्या आत आला तो असा.

एल्सवर्थना एवढी घाई का झाली असावी? एक तर वाचक होते लहान मुलं, दहा सेंटला अंक घेणारी. नुकताच रॉबिनही आणला होता, म्हणजे नायकाच्या शेजारी एक पोरगा उभा. पोरासमोर माणसाला फासावर लटकवणं कसं दिसणार? आणि बाहेरही वारं फिरायला लागलं होतं. १९४० च्या मे महिन्यात शिकागोच्या एका दैनिकात स्टर्लिंग नॉर्थ यांनी कॉमिक्सवर सणसणीत अग्रलेख लिहून त्यांना राष्ट्रीय नामुष्की ठरवलं. १९४१ साली प्रकाशकांनी शिक्षण आणि मानसशास्त्रातल्या मंडळींचं सल्लागार मंडळच नेमून टाकलं.

पण मला जास्त पटतं ते दुसरं कारण, आणि ते निव्वळ धंद्याचं आहे. त्याच पहिल्या अंकात जोकर आला. त्याच्या दुसऱ्या गोष्टीच्या शेवटी झटापटीत जोकरच्याच हातातला सुरा त्याच्या छातीत घुसतो आणि तो मरतो, असं मूळ कथेत होतं. एल्सवर्थ म्हणाले, एवढा चांगला खलनायक वाया कशाला घालवता? मग घाईघाईने शेवटी एक चौकट घातली, ज्यात डॉक्टर सांगतो की हा जगणार आहे. त्या एका चौकटीने ऐंशीपेक्षा जास्त वर्षं पोसली! दर महिन्याला गोष्ट हवी असेल तर खलनायक जिवंत हवा, आणि नायकानेच त्याला जिवंत सोडायचं तर त्याला तत्त्व हवं. बॅटमॅनचं तत्त्व असं जोकरच्या पोटापाण्याची सोय म्हणून आलं.

म्हणून ते खोटं का? मला नाही वाटत. आपल्याकडच्या कितीतरी रीतीभाती सोयीसाठी सुरू होतात आणि दोन पिढ्यांनी त्यांना अर्थ येतो. पन्नास वर्षं रोज एखादा माणूस कुणाला मारत नसेल, तर तो 'न मारणारा माणूस' होतोच. कारण काही का असेना.

१९५४ साली फ्रेडरिक वर्थम यांचं पुस्तक आलं, सिनेटच्या समितीसमोर सुनावण्या झाल्या आणि त्याच वर्षी 'कॉमिक्स कोड' आला. आता सगळ्यांवरच बंधनं. त्या काळाबद्दल फार बोलण्यासारखं नाही, बॅटमॅन परग्रहवासीयांशी वगैरे लढत होता. असो.

कोड सैल होत गेला तसा जुना प्रश्न उकरून निघाला. १९७४ साली 'स्पायडरमॅन'च्या एका अंकात गेरी कॉनवे यांनी 'पनिशर' आणला. बायकामुलं गेलेला माजी सैनिक, छातीवर कवटी, गुन्हेगार दिसला की गोळी. तो आला खलनायक म्हणून, आणि वाचकांनी त्याला डोक्यावर घेतलं. मग १९८८ मध्ये 'बॅटमॅन'च्या संपादकांनी एक अचाट प्रकार केला. जोकरच्या तावडीत सापडलेला दुसरा रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, जगावा की मरावा हे वाचकांनी फोन करून ठरवायचं. मरावा: ५,३४३ मतं. जगावा: ५,२७१. ७२ मतांनी पोरगा गेला. कॉलला पन्नास सेंट मोजून लोकांनी एका मुलाला मारलं, तरी जोकरला मारायचं नाही हा नियम शाबूतच!

याचा हिशेब कुणीतरी मागणार होतंच. २००५-०६ च्या सुमारास जड विनिक यांनी जेसनला परत आणलं आणि त्याच्याच तोंडून विचारलं, माझ्यानंतरही तू त्याला जिवंत का ठेवलंस? माझ्या भाच्याने याच कथेवरचा २०१० चा ॲनिमेशनपट पाहताना हाच प्रश्न मला आधीच विचारला होता. "मामा, हा त्याला एकदाचा संपवत का नाही?" मी त्याला एल्सवर्थची गोष्ट सांगायला लागलो, तर म्हणाला, "ते नको, बॅटमॅन काय म्हणतो ते सांग." पोराचं बरोबर होतं. बॅटमॅनचं उत्तर असं की मारणं अवघड नाही, फार सोपं आहे. पण एकदा त्या जागी गेलो की परत येता येणार नाही. हे उत्तर १९४० साली कुणालाच देता आलं नसतं. त्याच्यामागे पासष्ट वर्षांचं न मारणं उभं आहे.

आता सिनेमाकडे येऊ. सिनेमाची अडचण मासिकाच्या बरोबर उलटी. त्याला दोन-अडीच तासांत शेवट हवा असतो, खलनायक पडलेला दिसायला हवा असतो. टिम बर्टनच्या १९८९ च्या सिनेमात लहानग्या ब्रूसच्या आईवडलांना मारणारा जोकरच निघतो (ही भर सिनेमावाल्यांची) आणि शेवटी बॅटमॅनमुळेच उंचावरून पडून मरतो. वर्तुळ पूर्ण. १९९२ च्या पुढच्या भागात तर बॅटमॅन एका पैलवानाच्या अंगाला बॉम्ब अडकवून हसत हसत त्याला खड्ड्यात ढकलतो.

नोलनने नियम मनावर घेतला, पण त्यालाही तो पेलला नाही. २००५ च्या 'बॅटमॅन बिगिन्स'मध्ये ब्रूसला एका कैद्याचं मुंडकं उडवायला सांगतात. तो बाणेदारपणे नकार देतो, आणि त्या नकारापायी अख्खा मठ पेटवून स्फोटात उडवतो! आत किती जण होते कुणास ठाऊक. शेवटी रा'स अल गूलला पडत्या ट्रेनमध्ये सोडून येताना म्हणतो, मी तुला मारणार नाही, पण वाचवायलाही बांधील नाही. वकिलाला शोभेलशी पळवाट. २००८ च्या 'द डार्क नाइट'मध्ये मात्र तो खाली कोसळणाऱ्या जोकरला दोर टाकून वाचवतो, आणि मला तो क्षण सगळ्या मालिकेत सर्वांत मोठा वाटतो. त्यानंतर थोड्याच वेळात एका लहान मुलाला वाचवताना त्याच्या धक्क्याने हार्वे डेंट पडून मरतो, आणि बॅटमॅन स्वतः गुन्हेगार म्हणून पळतो. म्हणजे नियम मोडला, पण किंमत मोजून.

माझा सगळा मुद्दा या किमतीशी आहे. १९८० च्या 'सुपरमॅन २' मध्ये सुपरमॅन शक्ती गेलेल्या जनरल झॉडचा हात चिरडून त्याला बर्फाच्या कपारीत भिरकावून देतो. लोक हसले आणि घरी गेले. २०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये त्याच सुपरमॅनने त्याच झॉडची मान मोडली, तर केवढा गदारोळ. मार्क वेडसारखा सुपरमॅनच्या गोष्टी लिहिणारा लेखक जाहीरपणे हळहळला. मरणारा तोच, मारणारा तोच. फरक एवढाच की पहिल्या सिनेमात मरण गमतीत होऊन गेलं, दुसऱ्यात मान मोडल्याचा आवाज आला. गडद, 'खराखुरा' सिनेमा करायचा म्हटलं की मरणही खरंखुरं होतं, आणि खऱ्या मरणाचा हिशेब द्यावा लागतो.

झॅक स्नायडरने प्रसंग असा रचला की पर्यायच राहू नये. झॉडच्या डोळ्यांतले किरण एका कुटुंबाकडे सरकतायत, आता मारलं नाही तर ते मरणार. सुपरमॅन मारतो आणि किंचाळतो. किंकाळी खरी आहे. पण पुढच्याच प्रसंगात तो लष्कराचं टेहळणी विमान पाडून जनरलशी टोलवाटोलवी करतो आणि एक अधिकारी बाई तो किती देखणा आहे म्हणून लाजते! १९८८ साली जॉन बर्नच्या कॉमिकमध्येही सुपरमॅनने झॉडला आणि त्याच्या दोन साथीदारांना मारलं होतं. पण तिथे पुढचे कितीतरी अंक तो त्या ओझ्याखाली मोडत गेला आणि शेवटी स्वतःहून पृथ्वी सोडून निघून गेला. मारणं दोन्हीकडे आहे. सिनेमाने फक्त बिल भरलं नाही. २०१६ मध्ये स्नायडरच्या बॅटमॅनने गाडीवरच्या तोफांनी गुंड उडवले. त्यावरच्या टीकेला स्नायडरने २०१९ साली उत्तर दिलं की नायक मारत नाहीत असं मानणारे स्वप्नात जगतायत.

'पर्यायच नव्हता.' १९४० साली विमानातून गोळ्या झाडणारा बॅटमॅन हेच पुटपुटत होता. पडद्यावर पर्याय नसतो, कारण लेखकाने तो काढून घेतलेला असतो. पडद्याबाहेर हेच वाक्य हातात बंदूक असलेला माणूस म्हणतो तेव्हा ते तपासायला आपण तिथे नसतो. आपल्याकडे एन्काउंटर या शब्दाभोवती किती टाळ्या वाजल्या ते मुंबईकरांना सांगायला नको. अमेरिकेत पनिशरची कवटी सैनिकांच्या गणवेशावर, पोलिसांच्या गाड्यांवर चिकटली. खुद्द कॉनवेने जाहीरपणे सांगितलं की हा माणूस न्यायव्यवस्था कोसळल्याची खूण आहे, ती पोलिसांनी मिरवावी हे भयंकर आहे. २०१९ च्या एका अंकात तर पनिशरच दोन पोलिसांच्या गाडीवरचं ते चित्र फाडतो आणि आदर्श हवाच असेल तर कॅप्टन अमेरिकाकडे बघा म्हणतो. कागदावरच्या माणसाला स्वतःच्या चाहत्यांना असं झापावं लागलं.

मॅट रीव्हजच्या २०२२ च्या 'द बॅटमॅन'मध्ये मला हे सगळं एकत्र सापडलं. हा बॅटमॅन सुरुवातीला गुंडांना बडवताना स्वतःची ओळख 'सूड' अशी करून देतो. शेवटी रिडलरचे मुखवटेवाले बंदूकधारी गर्दीवर गोळ्या झाडतात. त्यातल्या एकाला बॅटमॅन बेभान होऊन बडवत सुटतो, मरेपर्यंत मारला असता, पण गॉर्डन त्याला मागे ओढतो. मुखवटा काढून त्या माणसाला विचारतात, तू कोण? तो तेच उत्तर देतो, बॅटमॅनचा शब्द बॅटमॅनलाच परत.

त्यानंतर बॅटमॅन काही बोलत नाही. खाली सभागृहात पुराचं पाणी भरलेलं, लोक अंधारात अडकलेले. तो पाण्यात उतरतो, लाल मशाल पेटवतो आणि हात पुढे करतो. आधी एक मुलगा तो हात धरतो, मग बाकीचे मागून चालू लागतात.